अक्षरांना जाडी देताना

कारखान्यात कंप्युटर आला त्या दिवशी मालकांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि मग मला विचारलं, "म्याडम, आता ह्याला काय सांगायचं असतंय?"

परभणीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची लहानशी फाउंड्री होती. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग, चाकं, झाकणं असं लोखंडाचं नि अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम तिथं चालायचं. सेलूच्या नाहीतर मानवतच्या जिनिंगमध्ये काही मोडलं की त्यांचा माणूस ते तुकडे पोत्यात घालून आमच्याकडं यायचा. तुकडे जुळवायचे, मापं घ्यायची आणि ड्रॉइंग काढायचं हे माझं काम. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि त्यावर पुण्यात मावसबहिणीकडं राहून कॅडचा, म्हणजे कंप्युटरवर ड्रॉइंग काढायचा, कोर्स. आमच्या वस्तीतली मी पहिलीच मुलगी, जिच्या हाताला ग्रीसचा वास यायचा. आई तेवढ्यासाठी गावच्या घरी मला वेगळा साबण आणून ठेवायची.

कंप्युटरच्या खोलीला वाळ्याचा कूलर होता. परभणीचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको की त्या खोलीत दिवसभर कोण कोण काय काय निमित्तानं यायचं. भट्टीवरची माणसं तर "म्याडम, किती वाजले?" एवढं विचारायला आत येऊन चांगली टेकायची. कंप्युटरला हात मात्र कुणी लावायचं नाही. मालकही लांबून बघायचे. त्यांना त्यातलं सॉलिड फार आवडायचं. साधं ड्रॉइंग कागदासारखं सपाट असतं. सॉलिडमध्ये त्याच आकृतीला जाडी मिळते. मग ती वस्तू पडद्यावर फिरवून बघता येते, तिला भोक पाडता येतं, दोन वस्तू एकमेकींत मिसळून एक करता येतात, आणि ओतायला धातू किती लागेल तेही मशीनच सांगतं. मालक पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "फिरवून दाखवा की जरा." मी एखादं झाकण फिरवून दाखवायचे. पाहुणे माना डोलवायचे आणि कूलरसमोरची खुर्ची धरायचे.

त्या वर्षीच्या संक्रांतीला नामांतराचा निर्णय झाला होता. मराठवाडा विद्यापीठाला नाव मिळालं. उन्हाळ्यात एके दिवशी माझे वडील कारखान्याच्या फाटकात उभे राहिले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. मानवतच्या अलीकडं फाट्यावर उतरून चालत जावं लागतं त्या आमच्या गावात ते राहायचे. मी परभणीत खोली घेऊन राहत होते, पण ते कधी कारखान्यावर आले नव्हते. मला वाटलं, घरी काही झालं.

"काही न्हाई झालं," दादा म्हणाले. "तुझ्या मालकाकडं काम हाय."

मालक बाहेरच होते. त्यांनी दादांना पाहिलं, हात पुसले आणि म्हणाले, "जयभीम गुरुजी." मालक मोठ्या शेतकरी घरातले. त्यांच्या तोंडून असा नमस्कार मी तरी पहिल्यांदाच ऐकला. दादांनी "जयभीम" म्हटलं आणि दोघं आत कूलरसमोर येऊन बसले.

काम असं होतं. आमच्या वस्तीत दादांनी चालवलेलं एक वाचनालय होतं. एक खोली, दोन बाकडी, एक कपाट आणि दररोजचा पेपर. आता ग्रामपंचायतीनं शाळेच्या शेजारची खोली द्यायचं कबूल केलं होतं, सगळ्या गावासाठी. तिथं पाटी हवी होती.

"पाटीला पेंटर हायत की गुरुजी," मालक म्हणाले. "आमी पाट्या कुठं रंगवतो?"

"रंगवलेली नको," दादा म्हणाले. "ओतलेली पायजे."

त्यांनी मालकांना कारण सांगितलं नाही. मला माहीत होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला तेव्हा मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. आम्हाला आईनं आजोळी नेलं. परत आलो तेव्हा वाचनालयाचं छप्पर जळालेलं होतं आणि दारावरची पत्र्याची पाटी गेली होती. ती पाटी दादांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. पुढं पुष्कळ दिवसांनी एका शेतावरून जाताना त्यांना पाण्याच्या हौदावर झाकलेला पत्रा दिसला. एका कोपऱ्यात त्यांच्याच हाताचा 'य' होता. दादांनी शेतमालकाला हाक मारली आणि पत्रा मागितला. त्यानं पत्रा काढून दिला, आणि दादा तो डोक्यावर घेऊन घरी आले. आई सांगायची की त्या दिवशी ते जेवायला बसले आणि हात धुवायलाच विसरले. नंतर ती पाटी पुन्हा रंगवली, पुन्हा लावली. एकदा कुणी डांबर फासलं, पुन्हा रंगवली.

मालक म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियम माझं. भंगारात पडलंय लय. ड्रॉइंग म्याडमचं. पण लिवायचं काय?"

"वाचनालय."

"नुसतं वाचनालय? नाव?"

दादा हसले. "गावात सगळ्यांनी नावं सुचवली. आमच्या वस्तीतून चार आली, गावातून पाच. सरपंचाला वडलांचं द्यायचंय. बैठकीत म्या म्हणलं, नाव ठरेपर्यंत पेपर शिळे व्हायलेत. आधी दार उघडू. नाव काय, मागून बी देता येतं. ह्या मराठवाड्यात तर लयच मागून."

मालक एवढ्या मोठ्यानं हसले की भट्टीवरचा एक जण खिडकीतून डोकावला.

आता प्रश्न अक्षरांचा होता. माझ्या कॅडमध्ये मराठी अक्षरं नव्हती. हातानं काढली तर ती ड्रॉइंगच्या सरांच्या अक्षरांसारखी ताठ आली. दादांना पाटीवर शोभेल असं वळणदार अक्षर हवं होतं. मग मी स्टेशन रोडच्या ताईंकडं गेले.

ताईंचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. त्या मूळच्या येलदरीकडच्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या. परभणीत तेव्हा डीटीपी म्हटलं की त्यांचंच दुकान. त्यांच्या कंप्युटरवर मराठीचे तऱ्हेतऱ्हेचे फॉन्ट होते, आणि गणपती, कलश, सनईवाले, डोली. ही चित्रं टिंबांची नव्हेत, रेषांची असायची. म्हणजे एकच गणपती पत्रिकेच्या कोपऱ्यात नखाएवढा छापा, नाहीतर मांडवाच्या कमानीएवढा करा, त्याची सोंड कुठं फाटायची नाही. मी म्हटलं, "ताई, तुमच्या रेषा मला फ्लॉपीवर द्या. माझं मशीन रेषा खातं."

"घे की," ताई म्हणाल्या. त्यांनी फॉन्ट निवडला, भरदार, गोल पोटांचा. टाइप करून पडद्यावर दाखवला. मला तिथल्या तिथं आवडला. ताईंनी फ्लॉपी रुमालात गुंडाळून माझ्या डब्यात ठेवली, उन्हानं तापू नये म्हणून. भाजीचा वास लागला तर चालेल, म्हणाल्या.

कारखान्यात येऊन मी ती फाइल कॅडमध्ये घेतली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, मध्ये एक कंस आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह. मालक मागं उभे होते.

"हे कोणत्या भाषेत हाय?"

"मराठीतच आहे," मी म्हटलं. "पण माझ्या मशीनला कळेना झालंय."

झालं असं होतं की ताईंकडचं मराठी म्हणजे इंग्रजी कळांवर चढवलेला मराठीचा अंगरखा. फॉन्ट गेला की अंगरखा गेला. मी फोन केला. ताईंनी अक्षरांचं अक्षरपण काढून त्यांच्या नुसत्या कडा, बाह्यरेषा केल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच फ्लॉपी घेऊन आल्या. त्यांना कूलरची बातमी लागलेली असावी.

ती फाइल उघडली तर पडदा काळा. काहीच नाही. मी जवळ गेले, आणखी जवळ गेले. मशीनला विचारलं, आहे का काही? ते म्हणालं, आहे. शेवटी एका कोपऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. तेच वाचनालय. ताईंचं मशीन इंचात बोलत होतं आणि माझं मिलिमीटरमध्ये. ताई पोट धरून हसल्या. "मुंग्यांसाठी काढायलीस का गं वाचनालय?" मी ते पंचवीसपट वाढवलं, मग हवं तेवढं, आणि एकदा चुकून एवढं वाढवलं की मापाच्या हिशेबानं 'व' परभणीत नि 'य' जिंतुराच्या पुढं गेला.

शेवटी माप जमलं. अक्षरं पडद्यावर उभी राहिली, देखणी. मी ऐटीत जाडी द्यायची आज्ञा टाइप केली आणि मशीननं नकार दिला.

जाडी द्यायची तर कड बंद असावी लागते, शेताच्या बांधासारखी. कुठं केसाएवढी फट राहिली की मशीन म्हणतं, हे शेत नाही, ही नुसती रेघ आहे. मी जवळ जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ताईंच्या त्या गोंडस गोलाया माझ्याकडं येताना शेकडो बारक्या सरळ तुकड्यांच्या झाल्या होत्या. काही तुकडे एकमेकांना चिकटले नव्हते, काही एकावर एक दोनदा बसले होते. आणि अक्षरंसुद्धा अखंड नव्हती. 'व' म्हणजे एक अर्धा 'व' आणि शेजारी ठेवलेला एक दांडा. पुढचा काना वेगळा. प्रत्येकाच्या डोक्यावरची रेघ वेगळी, एकमेकींत घुसलेली. कागदावर काळी शाई पडली की हे सगळं एक दिसतं. माझ्याकडं मात्र शाई नव्हती, नुसत्या रेषा होत्या, आणि त्या एकमेकींना छेदत इकडून तिकडं चालल्या होत्या.

"हे तर जाळं झालं," ताई पडद्याजवळ येऊन म्हणाल्या. "आमच्या येलदरीला धरणावर वाळत घालतेत तसलं. तीन वर्षं झाली मी ही अक्षरं छापायलेय. आत असं असंल हे कधी बघितलंच न्हाई. माझ्याकडं काळं भरलं की झालं."

"माझ्याकडं भरता येत नाही ताई. माझ्याकडं धातू भरायचाय."

पुढचा आठवडा आम्ही दोघी त्या शब्दाशी झगडत होतो. दुपारी पत्रिकांचं गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा ताई दुकान शेजारच्यावर सोपवून यायच्या. मी तुकडे जोडत बसायचे आणि त्या शेजारी बसून फट दाखवायच्या. "इथं हाय. वर. आणखीन वर. ही बघ." मध्येच वीज जायची आणि जोडलेलं सगळं जायचं. एकदा 'च' पूर्ण होत आलेला असताना गेली. ताईंनी विजेच्या लोकांना येलदरीच्या बोलीत जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, आमच्याच नदीवर वीज करतेत आणि आमच्याच 'च'ला देत न्हाईत.

कसेबसे दोन तुकडे जोडून जाडी दिली तर 'व'चं पोट भरून आलं. आतली कडही शेत समजून मशीननं तिलाही जाडी देऊन टाकली होती. 'व' झाला होता बूच बसवलेल्या घागरीसारखा. ते बूच बाहेर काढायचं म्हणजे एका सॉलिडमधून दुसरं वजा करायचं. ती आज्ञा दिली की मशीन विचारात पडायचं. आम्ही चहा पिऊन यायचो, तरी ते विचारातच. एवढ्या शेकडो बारक्या कडांचा हिशेब त्या बिचाऱ्याच्यानं होत नव्हता. शेवटी ते गोठलं आणि बंद करूनच सुरू करावं लागलं.

मी रडकुंडीला आले होते. ताई मात्र शांतपणे पडद्याकडं बघत होत्या. "तू माझ्या रेषाच कामून वापरायलीस?" त्या म्हणाल्या. "लहानपणी आपण चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवायचो न्हाई का? माझं राहू दे खाली. तू वरून तुझं काढ."

इतकं सोपं मला सुचलं नव्हतं, याचं मला अजून नवल वाटतं. मी ताईंची सगळी जाळी एका थरात टाकून फिक्या रंगाची केली आणि वर नव्यानं काढायला बसले. जिथं पन्नास तुकडे होते तिथं एक कंस. जिथं दोन दांडे एकमेकांत घुसले होते तिथं एक चौकोन. प्रत्येक भाग वेगळा आणि बंद. मग प्रत्येकाला जाडी दिली, देताना बाजूंना किंचित उतार ठेवला. लाकडी नमुना वाळूतून वर उचलताना वाळू ढासळू नये म्हणून ओतकामात तो ठेवावाच लागतो. शेवटी सगळ्या डोक्यांवरून एकच लांब पट्टी टाकली, शिरोरेघ, आणि सगळे भाग एक करायची आज्ञा दिली. मशीन विचारात पडलं. आम्ही चहाला गेलो नाही. पडदा हलला आणि छेदणाऱ्या रेषा एकदम नाहीशा झाल्या. 'वाचनालय' एकसंध उभं होतं.

ताईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं.

मालकांना सर्वांत आनंद झाला तो शिरोरेघेचा. "म्हणजे अक्षरं सुटी सुटी न्हाईत? अख्खा शब्द एका साच्यात? इंग्रजीला जमंल का हे? तिथं एकेक अक्षर वेगळं ओता, वेगळं ठोका." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि भट्टीवरच्यांना हेच पुन्हा सांगितलं.

दादांना बोलावून घेतलं. ते चष्मा पुसून पडद्यासमोर बसले. मी शब्द थोडा तिरका करून दाखवला, मग वरून, मग खालून. ते डोळे बारीक करून बघत राहिले. मला वाटलं, अक्षर आवडलं नाही.

"मागून दाखव," ते म्हणाले.

मी शब्द फिरवला. पाठमोरं, उलटं वाचनालय पडद्यावर आलं. शाळेत तीसेक वर्षं फळ्यावर लिहिणारा माणूस शब्दाच्या मागं जाऊन उभा राहिला होता. ते हळूच हसले. मग बोटानं पडद्यावर दाखवून म्हणाले, "हे खुंटे कशाचे?"

शिरोरेघेच्या मागं आणि दांड्यांच्या मागं मी जाड गोल खुंटे जोडले होते. "हे भिंतीत जाणार. आत सिमेंट भरायचं."

"किती आत?"

मी हाताच्या बोटांनी दाखवलं. दादांनी ते अंतर स्वतःच्या बोटांवर मोजून पाहिलं. "बरं हाय," म्हणाले. एवढंच. मग मालकांना म्हणाले, "चहा माझ्याकडून," आणि सगळ्या कारखान्याला चहा पाजला.

खरा आकार कागदावर काढायचा होता. आमचा प्रिंटर जोडकागदावर छापणारा, कर्रकर्र आवाजाचा. त्यातून शब्द आडवा बाहेर यायला लागला. आधी 'वा', मग 'च', कागद जमिनीवर उतरत गेला, 'ना' टेबलाखाली गेला. तो कागद सागवानाच्या फळीवर चिकटवून मिस्त्रींनी नमुना कापला, वाळूत साचा घेतला, आणि एका सकाळी अ‍ॅल्युमिनियम ओतलं.

पहिला घाणा फसला. धातू एका टोकाकडून ओतला होता आणि दुसऱ्या टोकाला पोहोचायच्या आधीच तो थंड झाला. वाळू फोडली तर 'य' नव्हताच. मालक कमरेवर हात ठेवून वाचायला लागले, "वाच... नाल. वाच, न्हाई तर नाल ठोकतो! बरंय की म्याडम. असंच लावू, गाव आठ दिवसांत शिकंल." ते वितळवून पुन्हा ओतलं, या वेळी दोन्हीकडून तोंडं ठेवून. 'य' आला, त्याच्या शेपटासकट.

कडा कानशीनं घासून शब्द चकचकीत झाला. मालक म्हणाले, टेम्पो सेलूला गेलाय, परवा सोडतो गावाला. दादांना परवा म्हणजे फार लांब वाटायला लागलं. ते म्हणाले, एसटीनं नेऊ. ताईही दुकान बंद करून निघाल्या, मीही सुट्टी घेतली.

शब्द चांगला दीड वीत रुंद नि तीन हात लांब, गोणपाटात गुंडाळलेला. बसमध्ये तो उभा राहीना, आडवा मावेना. शेवटी मागच्या लांब सीटवर आमच्या तिघांच्या मांड्यांवर ठेवला. कंडक्टर आला.

"हे काय हाय? ह्याचं लगेज लागतंय."

"घ्या की," दादा म्हणाले.

"हाय काय पण? पत्रा हाय का? कुणाला लागला तर?"

दादांनी गोणपाट बाजूला केलं. कंडक्टरनं वाकून एकेक अक्षर वाचलं, आणि बसभर ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, ह्यांनी अख्खं वाचनालय बशीत घातलंय!"

पुढच्या सीटवरची माणसं वळली. कुणी म्हणालं, कोणत्या गावचं? कुणी म्हणालं, चांदीचं हाय का? एक पटकेवाले म्हातारे उठून मागं आले, सीटच्या दांड्याला धरून उभे राहिले आणि त्यांनी 'न'च्या गाठीवर हात ठेवला. "मला वाचता येत न्हाई," ते म्हणाले. "पर हाताला लागतंय की हे. हे कोणतं?"

"न," दादा म्हणाले.

"आन् हे?"

दादांनी त्यांचं बोट धरून काना दाखवला. मग 'ल'. फाटा येईपर्यंत म्हाताऱ्यांनी शब्द तीनदा चाचपून पाहिला. कंडक्टरनं लगेज लावलं, पण अर्धं. का अर्धं, ते त्यालाच ठाऊक.

दादांनी आधीच निरोप धाडला होता. फाट्यावर गावातली पोरं नि माणसं उभी होती. सरपंचांनी बैलगाडी पाठवली होती, पण शब्द गाडीत कुणी ठेवू देईना. आमच्या वस्तीतल्या दोघांनी एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला हात लावायला गावातला एक माणूस पुढं आला. दादा त्याच्याकडं बघत राहिले. आईनं नंतर मला सांगितलं की हौदावरचा पत्रा देणारा तो हाच. शाळेपर्यंत वाटेत त्यानं फक्त एकदा खांदा बदलला.

गवंड्यानं भिंतीला भोकं पाडून ठेवलीच होती, माझ्या कागदावरून. खुंटे एकेक करून आत गेले. एक जाईना. मी खाली उभी राहून घामाघूम झाले, माझं माप चुकलं की काय. गवंड्यानं भोकातला विटेचा खडा काढला आणि तोही गेला. सिमेंट भरलं. सरपंचांनी भाषण केलं, त्यात कंप्युटर हा शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी आला. दादांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, "आजचा पेपर आत ठेवलाय. एकच हाय. फाडू नका." आणि दार उघडलं.

ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. सूर्य कलायला लागला होता आणि अक्षरांच्या सावल्या भिंतीवर पडल्या होत्या, थोड्या खाली, थोड्या उजवीकडं. "माझ्या दुकानात अक्षरांना सावली द्यायची तर मला वेगळी काढावी लागते," ताई म्हणाल्या. "इथं फुकट पडायलीय."

त्या उन्हाळ्यानंतर ताईंचं नि माझं असं ठरूनच गेलं. पत्रिकेवरचं काहीही कुणाला धातूत हवं असलं की ते ताईंकडून माझ्याकडं यायचं. सेलूच्या एका जिनिंगवाल्यांना फाटकावर मोर हवा होता, पिसारा फुलवलेला. ताईंच्या मोराला डोळे असलेली पिसं इतकी, की ते चित्र घेतल्याबरोबर मशीन सकाळपासून दुपारपर्यंत हललंच नाही. मी जिनिंगवाल्यांना म्हटलं, पिसारा मिटलेला चालेल का? ते म्हणाले, मग लोक त्याला कोंबडा म्हणतील. आम्ही दोघींनी पुष्कळ गिरवून पाहिलं. ताईंनी त्यांना पत्रिकांचा गठ्ठा काढून दुसरे पक्षी दाखवले. त्यांनी एकेक पत्रिका निरखली, बायकोला विचारायला घरी नेली, परत आणली, आणि चहा पिता पिता म्हणाले, "मोर राहू द्या म्याडम. राघू करा."